तेरावी गाडी

मोहखेड्याचा कौतिक भगत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जत्रेत बारा बैलगाड्या एकटा ओढायचा. एकीमागे एक साखळदंडानं बांधलेल्या, वर माणसं खचाखच भरलेल्या बारा गाड्या. पुढे बैल एकही नाही. पहिल्या गाडीच्या जुवाला पाठ लावून, कपाळाला भंडारा फासून, डोळे पांढरे करून कौतिक सुटला, की वेशीपासून खंडेरावाच्या देवळापर्यंत गाड्या धडाधडा जायच्या. आता प्रत्येक गाडीच्या चाकांना तरणे गडी खांदा लावून असत, मागून अर्धा गाव रेटत असे आणि तो रस्ता जरासा उताराचाही होता. पण असल्या बारीकसारीक गोष्टी भाविक माणसानं पाहायच्या नसतात, आणि मोहखेड्यात सगळे भाविकच होते. गाड्या देव ओढतो, देव भगताच्या अंगात येतो आणि भगत कौतिक आहे, एवढं सगळ्यांना पाठ होतं. कौतिकला तर झोपेतसुद्धा.

देव वर्षातून एकदा अंगात यायचा. उरलेलं वर्ष कौतिक अशा थाटात वावरायचा, की देव जरा बाहेर गेलाय, एवढ्यात येईल. लग्नात पहिलं पान त्याचं, पारावर मधली जागा त्याची. तालमीत जोर काढणारी पोरं दिसली, की तो वाट वाकडी करून तिथं जायचा आणि म्हणायचा, "ज्याले देव नही, त्यानं घाम गायावा." पोरं मान खाली घालून घाम गाळत राहायची. हे वाक्य पुढे आपल्याच मानगुटीवर बसणार आहे, याची तेव्हा त्याला कल्पना नव्हती.

साल बावन्न होतं. पहिली निवडणूक नुकतीच आटोपली होती आणि गावात 'पार्लमेंट' हा नवाकोरा शब्द शिल्लक राहिला होता. तो कुठे वापरायचा हे कोणाला ठाऊक नसल्यानं सगळे तो सगळीकडे वापरत. अशा दिवसांत कौतिक यावलचा बाजार करून एस.टी.नं परत येत होता. फाटा जवळ आला तसा तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला. फाट्यावर बोरं विकणाऱ्या बाया होत्या, चहाच्या टपरीवर गावचे चार जण होते, आणि एवढी माणसं समोर असताना गाडी थांबायची वाट पाहणं कौतिकला कमीपणाचं वाटलं.

कंडक्टर नथ्थू शिंदखेड्याकडचा. तो ओरडला, "भगतबाबा, गाडी हुबी ऱ्हाऊ द्या ना! काय घाई शे?"

"अरे बापा, मी बारा गाड्या वढतो. तुही एक गाडी मले काय शिकवती?" असं म्हणून कौतिकनं ऐटीत उडी टाकली.

उडी छान पडली. पाय मात्र सडकेच्या कडेवर पडला, घोटा आतल्या बाजूला दुमडला आणि कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. पिशवीतली वांगी सडकभर घरंगळली. "काही नही, काही नही," म्हणत कौतिक लगेच उठला आणि लगेच परत बसला. बोरंवाल्या बायांनी पदर तोंडाला लावले. त्या रडत नव्हत्या.

दिवेलागणीच्या आत गावभर एकच वाक्य फिरलं. बारा गाड्या ओढणाऱ्याला तेराव्या गाडीनं आडवं केलं. वाक्य कोणी जुळवलं ते सांगायला नको. कौतिकचा चुलतभाऊ तोताराम. गाड्या ओढताना भगताला दोन्ही बाजूंनी धरून दोघे जण पळतात, त्यांना बगले म्हणतात. तोताराम डाव्या बाजूचा बगल्या. इतकी वर्षं तो कौतिकच्या डाव्या काखेत डोकं घालून पळत होता, आणि त्या काखेचा त्याला आता पुरेपूर कंटाळा आला होता. मधल्या जागी आपण का नाही, हा प्रश्न त्याला दर आखाजीला पडायचा आणि पुढच्या आखाजीपर्यंत पुरायचा.

तोच सगळ्यांत आधी धावत आला. "नस चढली, दुसरं काही नही. वढून बसवतो," म्हणून त्यानं कौतिकची टाच मांडीवर घेतली आणि असा हिसडा दिला, की कौतिकच्या ओरडण्यानं गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. नस बसली की नाही ते खंडेराव जाणे, पण पाय भरताच्या वांग्यासारखा जांभळा आणि टम्म झाला.

कौतिकची बायको सुगंधाबाई हातात आंबेहळदीचा लेप घेऊन उभी होती. तिनं पायाकडे एकवार पाहिलं. "बाजारातली वांगी त रस्त्यात सांडली म्हने. एवढं एक घरी आनलं, बरं केलं."

दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला गाडीत घालून यावलच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घोटा दाबून, वळवून पाहिला. "हाड शाबूत आहे. पण लिगामेंट फाटलंय. हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा असतो, तो."

कौतिकच्या कानात त्यातलं 'मेंट फाटलंय' एवढंच शिरलं. घरी आल्यावर त्यानं ते आपल्या परीनं पुरं केलं, आणि संध्याकाळपर्यंत मोहखेड्यात सगळ्यांना कळलं, की भगताच्या पायातलं पार्लमेंट फाटलं. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "आत्ता त निवडून देल्लं. अन् इतक्यात फाटलंबी?"

डॉक्टरांनी औषधापेक्षा कामच जास्त दिलं होतं. आधी पट्टी बांधून विश्रांती. सूज उतरली, की पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवायची, म्हणजे घोटा सगळीकडून फिरतो. मग टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. मग एका पायावर. ते जमलं, की एका पायावर डोळे मिटून. "पडून राहिलात तर पायाचं लाकूड होईल," ते म्हणाले.

"साहेब, मी भगत आहे. माह्या अंगात देव येतो."

"येऊ द्या ना. त्याच्या हवाली करायच्या आधी पाय तेवढा दुरुस्त करा."

कौतिकला हे बोलणं अजिबात आवडलं नाही. देवाच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखी बाराखडी गिरवायला सांगायची म्हणजे काय? पण डॉक्टरांनी फी घेतली होती, त्यामुळे बोलण्यात काहीतरी तथ्य असावं, असंही त्याला वाटलं.

इकडे तोताराम गप्प बसला नव्हता. देवळात चार मंडळी जमवून त्यानं अगदी हळव्या आवाजात विषय काढला. भाऊच्या पायाची त्याला फार काळजी होती. भाऊचा पाय आखाजीपर्यंत बरा व्हावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण नाही झाला तर देवाचा खोळंबा व्हायला नको, एवढंच. आपली काही इच्छा नाही, पण गावासाठी आपण जुवाला पाठ द्यायला तयार आहोत. मंडळींनी माना हलवल्या आणि ठरवलं, की आखाजीला कौतिक धड चालता झाला तर कौतिक, नाहीतर तोताराम. आणि एकदा बदललेला भगत परत बदलायचा नाही.

कौतिक काठी टेकत तिथं आला होता. त्याच्या अंगाची लाही झाली. तो सगळ्यांसमोर गरजला, "माहा पाय खंडेराव बरा करील! मले ना डॉक्टर पाह्यजे, ना कोनाची दया पाह्यजे!"

लोकांनी येळकोट केला. कौतिक घरी येऊन बसला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. पाय देव बरा करणार, असं गावाला सांगून झालं. आता गावादेखत चवड्यांवर उभं कसं राहणार? ज्याले देव नही, त्यानं घाम गायावा, हे तालमीतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ होतं. भगत घाम गाळताना दिसला असता, तर आखाजीची वाट पाहायचीही गरज उरली नसती.

म्हणून बाराखडी गोधडीखाली सुरू झाली. शाळेत कौतिक जेमतेम दुसरीपर्यंत गेलेला, त्यामुळे क ते झ बरं जायचं आणि ट, ठ, ड, ढ या सगळ्यांसाठी तो एकच गोल काढायचा. सुगंधाबाईनं हलणारी गोधडी पाहिली.

"काय चाल्लं?"

"काही नही. मुंग्या आल्या पायाले."

"मुंग्या बऱ्या शिकेल दिसतेत," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिनं डॉक्टरांचं सगळं बोलणं कौतिकपेक्षा नीट ऐकलं होतं.

पायाला हळूहळू जोर आला. पण कौतिकच्या मनाचं काहीतरी भलतंच झालं होतं. घराच्या ओट्याला एकच पायरी होती. ती उतरायला त्यानं पाय उचलला, की पाय हवेतच थांबायचा. कानात ती पऱ्हाटी मोडायची. कोणी पाहत नाहीसं बघून तो ओट्यावर बसायचा आणि रांगत्या पोरासारखा मागच्या मागे घसरून खाली यायचा. त्याला भीती वाटत होती. आजवर बारा गाड्या आपल्या पाठीमागे आहेत, हे त्याला फक्त मिरवायला ठाऊक होतं. आता पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात आलं, की त्या पाठीमागे असतात, भरलेल्या असतात, उतारावर असतात, आणि आपण त्यांच्या पुढे असतो. घोटा तेव्हा दुमडला तर? गावात विचारायची सोय नव्हती. देवाला विचारलं, तर देव काही बोलेना.

ओट्यावर उभं राहून कसरत करता येईना, म्हणून त्यानं केळीची बाग धरली. केळी ऐन भरात होती, पानं एवढी दाट की आत माणूस उभा राहिला तर बाहेरून दिसू नये. तिथं केळीच्या एका खांबाला हात लावून कौतिक एका पायावर उभा राहायचा, डोळे मिटायचा, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायचा आणि डोलायचा. डोललं की तोंडातून आपोआप "खंडेराया, धर रे" निघायचं.

बाहेरून माणूस दिसत नाही, हे खरं. पण बागेत केळीची पिलं काढायला तानुबाई यायची, ती आतच असायची. तानुबाई म्हातारी, गुडघ्यांनी गांजलेली आणि तोंडानं तरतरीत. तिनं भगताला एका पायावर, डोळे मिटून, हवेत खुणा करताना आणि देवाचं नाव घेताना पाहिलं. विळा तिथंच टाकून ती गावाकडे निघाली. तिच्या गुडघ्यांनी त्या दिवशी मुळीच तक्रार केली नाही म्हणतात.

"भगत तपाले बसला व माय! बसला काय, हुभा राह्यला! एका पायावर! अन् पायानं मंत्र लिव्हून राह्यला!"

दोन दिवसांत बांधावर माणसं बसू लागली. कोणी उदबत्ती आणली, कोणी नारळ. कौतिकनं डोळे उघडले तर समोर अर्धा गाव हात जोडून. त्याला दरदरून घाम फुटला. लोकांनी तोही तेज म्हणून पाहिला. आता करायचं काय? खरं सांगितलं, तर भगतपण गेलं. कसरत सोडली, तर पाय गेला आणि पाठोपाठ भगतपण गेलं. तेव्हा त्यानं डोळे परत मिटले आणि चालू ठेवलं. त्यातल्या त्यात सोय अशी झाली, की जी कसरत चोरून करायची ती आता गावासमोर, नारळ घेऊन करता येत होती. तो चवड्यांवर उभा राहिला, की बाया म्हणायच्या, "देव वर वढून राह्यला." तो तोल जाऊन खांबाला धरायचा, तर म्हणायच्या, "देवानं सोडलं."

तानुबाई नुसतं पाहून थांबली नाही. भगत करतो ते आपणही केलं तर थोडं पुण्य पडेल, म्हणून ती बांधावर निंबाला धरून तसंच करू लागली. रोज. थोड्याच दिवसांत ती मांडी घालून जेवायला बसली, आणि मग तर विचारूच नका. सकाळच्या प्रहरी मोहखेड्याच्या बाया बांधावर रांगेनं एका पायावर उभ्या राहू लागल्या. यावलच्या डॉक्टरांनी हे पाहिलं असतं, तर दवाखाना बंद करून इथंच एखादा नारळ फोडला असता.

तोतारामला हे सहन होईना. तो चौथी पास होता. तो बांधावर येऊन बसला आणि कौतिकच्या अंगठ्यावर नजर ठेवून राहिला. बघता बघता त्याचा चेहरा उजळला.

"मंडयी, हा मंत्र नही! हे क आहे. हे ख. अन् हे ग! पह्यलीतली बाराखडी लिव्हून राह्यला हा!"

बांधावरच्या माना तोतारामकडे वळल्या. कौतिकनं डोळे आणखी घट्ट मिटले. उचललेला पाय तसाच हवेत राहिला. पण माणूस बुडायला लागला, की जीभ कधी कधी पोहायला शिकते.

"तोता," तो डोळे न उघडता म्हणाला, "खंडेरावाचं नाव कोन्या अक्षरानं सुरू व्हतं?"

"ख नं."

"मंग त्याच्या दारात जायाले क वरून जा लागंल का नही?"

येळकोटानं केळीची पानं हलली. तोताराम चौथी पास असूनही खजील होऊन उठला. त्या दिवशी कौतिक घरी आला तो मिशीला पीळ देत आला आणि थोड्या वेळानं ओट्यावरून मात्र बसून घसरतच खाली उतरला.

सुगंधाबाई दारात होती. तिनं ते पाहिलं. पहिल्यांदा नाही, पण त्या दिवशी ती बोलली. "सगया गाव तुमच्या पायावर डोकं ठेवते. तुमाले सोताले त्याच्यावर पाय ठेववत नही."

कौतिक वरमला. बायकोसमोर मंत्र चालत नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "मले भेव वाटते व."

तेव्हा ती हसली नाही. हे कौतिकच्या फार ध्यानात राहिलं. टोमणा मारायची एवढी आयती संधी तिनं आजवर कधी सोडली नव्हती. तिनं त्याला परत ओट्यावर चढवलं आणि स्वतः खाली अंगणात उभी राहिली.

"उतरा."

"हात दे."

"हात देनार नही. गाड्या वढता तव्हा मी नसते तिथी. उतरा."

कौतिकनं पाय उचलला. पाय हवेत थांबला. पऱ्हाटी मोडली. सुगंधाबाई नुसती उभी होती, पदर खोचून, हात मागे बांधून. कौतिकनं देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायचं सुचलंच नाही. त्यानं पाय खाली टाकला. घोटा जरासा डगमगला आणि उभा राहिला.

"परत," ती म्हणाली.

तिनं त्याला ती एकच पायरी इतक्या वेळा उतरायला लावली, की शेजारच्या घरात वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. पुढे रोज बागेत मंत्र आणि घरी ओटा, असं सुरू झालं. ओटा झाला, मग बांध झाला, मग विहिरीच्या पायऱ्या झाल्या. घाम बादलीभर गळाला. तालमीतल्या पोरांकडे तो आता जायचा नाही. वाट वाकडी करून लांबून जायचा.

आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, निंबाला झोके बांधले गेले, घरोघर पुरण शिजलं. बारा गाड्या वेशीत एकीमागे एक लागल्या आणि भरल्या. कौतिक अंघोळ करून, धोतराचा काचा मारून, घोटा पिवळ्या फडक्यानं घट्ट बांधून आला. लोकांना वाटलं भंडाऱ्याचं फडकं. त्यानं वेशीतून देवळापर्यंत चालून दाखवलं, मंडळींनी माना हलवल्या, आणि तोताराम मुकाट्यानं डाव्या काखेत येऊन उभा राहिला. उजव्या बाजूला छगन नावाचा एक धिप्पाड गडी होता.

कौतिकनं जुवाला पाठ लावली, डोळे पांढरे केले आणि देवाची वाट पाहिली.

देव आला नाही.

दरवर्षी हलगी वाजू लागली, की अंगात काहीतरी शिरायचं, कान बंद व्हायचे आणि देवळापाशी पोहोचल्यावरच जाग यायची. या वेळी कान सताड उघडे. हलगी ऐकू येत होती, पहिल्या गाडीतलं रडणारं पोर ऐकू येत होतं, मागून कोणीतरी "अरे ढकल ना, आय घालून ढकल!" म्हणत होतं तेही ऐकू येत होतं.  पण लोक ओरडले, गाड्या हलल्या, आणि आता मागे बारा गाड्या म्हटल्यावर पुढे पळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो पळाला. डोळे पांढरे ठेवून पळता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्यानं ते सरळ उघडले.

रस्त्यावर माणसांनी नारळ फोडले होते. गाड्यांनी उतार धरला आणि तेवढ्यात तोतारामचा पाय एका करवंटीवर पडला. त्याचा घोटा दुमडला. कौतिकनं तो आवाज ओळखला, तो त्याच्या ओळखीचाच होता. तोताराम डाव्या चाकाच्या पुढ्यात आडवा झाला.

अंगात देव असता, तर कौतिकला हे दिसलं नसतं. कान बंद असते, डोळे पांढरे असते आणि गाड्या देवळापर्यंत जाऊन पोहोचल्या असत्या. पण तो शुद्धीवर होता. त्यानं जू सोडलं, एकदा वांगं झालेला तोच पाय जमिनीत रोवला, सगळं अंग त्याच्यावर टाकलं आणि तोतारामला बगलेत धरून असं खेचलं, की दोघेही सडकेच्या बाहेर जाऊन पडले. चाक तोतारामच्या मुंडाशाचं टोक घेऊन गेलं.

आणि गाड्या? गाड्या गेल्या. पुढे भगत नाही, डावा बगल्या नाही. छगन जुवाला धरून होता, म्हणजे खरं तर लोंबकळत होता. बारा गाड्या अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत, कोणीही न ओढता, दरवर्षीच्याच वेगानं गेल्या आणि दरवर्षीच्याच ठिकाणी देवळापुढच्या रेतीत रुतून थांबल्या.

हलगी बंद पडली. चाकांना खांदा लावलेल्यांनी खांदे काढले आणि पुढे पाहिलं. मागून रेटणाऱ्यांनी पुढे पाहिलं. जुवापुढे भगताची जागा मोकळी होती. घामानं निथळणारे ते शंभरेक गडी त्या मोकळ्या जागेकडे टकमक पाहत राहिले. खरं म्हणजे एवढ्यावर सगळं उमजायला हरकत नव्हती. एक क्षणभर तर कौतिकला वाटलं, उमजलं आता, संपलं आपलं.

तेवढ्यात तानुबाईनं दोन्ही हात वर केले. "देवानं सोता वढल्या व माय! भगताच्या अंगातून निंघाला, अन् सोता वढल्या!"

मग जो येळकोट झाला तसा मोहखेड्यानं आजवर ऐकला नव्हता. शंभर गड्यांनी आपले घामेजलेले खांदे पुसले आणि त्या मोकळ्या जागेच्या पाया पडले.

"अरे बापा, ऐका," कौतिक धुळीतून उठत म्हणाला. त्याला खरंच बोलायचं होतं. "देव नही. तुमी. तुमी ढकलल्या. दरसाली तुमीच ढकलता!"

"काय लीनता आहे पाहा," मंडळींपैकी एक जण म्हणाला आणि त्याच्या पायावर कोसळला. मागोमाग सगळे. तोताराम तिथंच बसला होता, घोटा दोन्ही हातांत धरून.  तो आणि कौतिक एकमेकांकडे पाहत राहिले. त्या सबंध जत्रेत खरं काय झालं, हे ठाऊक असलेली माणसं तेवढी दोनच होती. चाकापुढून माणूस ओढून काढला, याबद्दल एकानंही एक शब्द काढला नाही. त्यात काय, तो तर कोणीही काढेल.

गर्दी फाडून सुगंधाबाई आली. तिनं येळकोटाकडे लक्ष दिलं नाही. खाली बसून तिनं कौतिकच्या घोट्याचं पिवळं फडकं सोडलं आणि बोटांनी दाबून पाहिलं.

"दुखते का?"

कौतिकनं पाय हलवला, टेकवला, त्याच्यावर भार देऊन पाहिला. "नही व," तो म्हणाला, आणि लोकांसमोर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपल्या स्वतःच्या जोरावर काहीतरी ओढलं होतं, आणि ते तोताराम होतं. लोकांनी ते पाणी हातावर घेऊन डोळ्यांना लावलं.

दुसऱ्या दिवशी तोतारामचा पाय भरताच्या वांग्यासारखा झाला. "नस चढली असंल. वढून बसवू का?" कौतिकनं विचारलं. तोताराम एवढा पांढरा पडला, की कौतिकचं त्यातच सगळं वसूल झालं. मग त्यानं त्याला आधार देत फाट्यावर नेलं आणि यावलच्या गाडीत बसवलं. कंडक्टर नथ्थूच होता. वाटेत सगळी गाडी कालच्या चमत्काराबद्दल बोलत होती. तोताराम दात-ओठ खात अंगठा हलवून पाहत होता आणि कौतिक त्याला हळूच सांगत होता, "क नीट काढ. गाठ मारून काढ."

यावल आलं. गाडी हळू झाली तसे लोक धडपडत दाराशी गेले. कौतिक जागचा हलला नाही.

"उतरा ना भगतबाबा," नथ्थू डोळे मिचकावत म्हणाला. "तुम्ही त चालती गाडीमाईन उतरतस ना!"

"आधी हुभी राहू दे, बापा," कौतिक म्हणाला. "त्या बारा गाड्या मानसं ढकलतेत. ही तेरावी खरंच आपल्या जोरावर चालते."

सगळी गाडी पोट धरून हसली. भगत केवढा विनोदी आहे, असं म्हणत लोक उतरले. गाडी पुरती थांबल्यावर कौतिक उठला, बिनधास्त पायरी उतरला आणि मागे वळून त्यानं तोतारामला हात दिला.